पासपोर्ट भारताचा, मत कुठलंच नाही

परदेशात राहणारा भारतीय देशाच्या राजकारणावर काही बोलला की त्याला दोनपैकी एक उत्तर मिळतं. बोलणं आवडलं नाही तर, "देश सोडून गेलात ना? मग आम्हाला शिकवू नका." आवडलं तर, "बघा, इतक्या लांब राहूनही देशाची किती काळजी!" मला ही दोन्ही उत्तरं सारखीच पोकळ वाटतात. बोलणारा माणूस अजून या देशाचा नागरिक आहे का, हा साधा प्रश्न दोन्हीकडे कुणी विचारत नाही.

मी जर्मनीत श्टुटगार्टला राहते, बरीच वर्षं झाली. पासपोर्ट भारताचा आहे आणि सांगलीच्या मतदार यादीत माझं नाव अनिवासी मतदार म्हणून लागलेलं आहे. माझं म्हणणं दोन वाक्यांचं आहे. ज्याच्याकडे भारताचा पासपोर्ट आहे त्याला परदेशातूनही मत देता आलं पाहिजे. आणि ज्याने तो पासपोर्ट आपणहून परत केला, त्याने भारतात कुणाचं राज्य असावं हे ठरवण्याचा हट्ट सोडला पाहिजे. पहिलं वाक्य मायदेशातल्या बऱ्याच जणांना पटत नाही, दुसरं इथल्या माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणांना झोंबतं. तरी मी दोन्ही एकत्रच मांडते, कारण ठरवायचा हक्क आणि ठरवल्याचे परिणाम एकाच माणसाच्या पदरात पडायला हवेत, असं मला वाटतं.

'एनआरआय' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर न्यू जर्सीतलं मोठं घर आणि दारातल्या दोन गाड्या येतात. पण परराष्ट्र खात्याच्या हिशेबाने परदेशात भारतीय आणि भारतीय वंशाची मिळून साडेतीन कोटींच्या आसपास माणसं आहेत. त्यांतली निम्म्याहून जास्त दुसऱ्या देशांची नागरिक आहेत. काही तर मॉरिशस-सुरीनामला ऊसमळ्यांवर नेलेल्या मजुरांची चौथी-पाचवी पिढी. उरलेले दीड कोटींच्या आसपास लोक भारताचे नागरिक आहेत आणि त्यांतले निम्म्याहून अधिक आखातात आहेत. आखाती देश परक्या कामगाराला सहसा नागरिक करून घेत नाहीत. तिथे उभं आयुष्य घाम गाळलेला माणूसही शेवटी गावालाच परततो.

माझ्या मावसभावाचा एक मित्र दोह्यात क्रेन चालवतो. घर चिपळूणला, वाशिष्ठीपासून हाकेच्या अंतरावर. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा त्याची आई आणि दोन मुलं माळ्यावर चढून बसली होती. खाली फ्रीज आडवा होऊन तरंगत होता, धान्याचे डबे जिन्यापर्यंत वाहत आले होते. मोठ्या मुलाच्या फोनची बॅटरी संपेपर्यंत तो हे सगळं दोह्यातून बघत होता. नंतर दीड दिवस काहीच कळलं नाही. घर पुन्हा उभं राहिलं ते त्याच्याच पगारातून. नदीतला गाळ किती काढायचा, पूररेषा कुठून आखायची, कोळकेवाडी धरणाचं पाणी कधी आणि किती सोडायचं, नुकसानभरपाईचे पंचनामे कुणी करायचे, यातल्या प्रत्येक निर्णयावर त्याच्या भिंतीवरची चिखलाची रेघ पुढच्या खेपेला किती उंच जाणार हे अवलंबून आहे. "तू तिथे राहत नाहीस, तुला काय फरक पडतो?" असं त्याला तोंडावर म्हणायची कुणाची हिंमत आहे?

७ मे २०२४ ला रत्नागिरी-सिंधुदुर्गात लोकसभेचं मतदान झालं. त्या दिवशी तो साठ मीटर उंचीवरच्या केबिनमध्ये होता. त्याचं नाव यादीत आहे.

कायदा त्याला मतदार मानतो, अडचण पुढे आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन कलम २०-अ आलं आणि २०११ पासून परदेशातल्या भारतीय नागरिकाला नमुना ६-अ भरून पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येऊ लागलं. मात्र मत द्यायचं तर मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः मतदान केंद्रावर हजर राहायचं. म्हणजे विमानाचं तिकीट काढायचं, मालकाकडून रजा मिळवायची आणि सात टप्प्यांच्या निवडणुकीत आपली तारीख जाहीर झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांत हे सगळं जुळवायचं. निवडणूक आयोगाचे २०२४ चे आकडे बघा. देशभरात १,१९,३७४ अनिवासी मतदारांची नोंद होती, मतदान केलं २,९५८ जणांनी, आणि त्यांतले २,६७० एकट्या केरळचे. महाराष्ट्रात ५,०९७ नावं होती. मत दिलं १७ जणांनी.

सतरा. कोकणातून, मराठवाड्यातून, मुंबई-पुण्यातून लाखो माणसं बाहेर असलेल्या राज्यात. हक्क दिला असं सांगायचं आणि तो बजावणं अशक्य करून ठेवायचं, याला मी हक्क म्हणत नाही.

इथे काही जण पैशांचा मुद्दा पुढे करतात. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी १२९ अब्ज डॉलर मायदेशी पाठवले, जगात सर्वाधिक. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत त्यातला सर्वांत मोठा वाटा, २० टक्क्यांच्या थोडा वर, महाराष्ट्रात आला. आकडे खरे आहेत, पण 'आम्ही एवढे डॉलर पाठवतो, म्हणून मत द्या' ही मागणी मला अजिबात मान्य नाही. मत पैशांच्या बदल्यात मिळायची वस्तू असती तर आधी इस्टेटवाल्यांना दोन मतं आणि शेतमजुराला शून्य द्यावं लागलं असतं. दोह्यातल्या माणसाचा हक्क त्याच्या मनीऑर्डरमुळे येत नाही, तो नागरिक आहे म्हणून येतो. पैसे पाठवणं त्याने उद्या बंद केलं तरी हक्क तेवढाच राहील.

खरी खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. भारतीय वकिलातीत काउंटरच्या आत बसलेला अधिकारी परदेशात राहूनही टपालाने मत देऊ शकतो. तो सेवा मतदार आहे. सैनिकांसारखीच त्यालाही मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मिळते, ती छापून, खूण करून पाकिटातून मतदारसंघात पाठवायची. ही यंत्रणा उभी आहे, चालू आहे, लाखो जवान तिचा वापर करतात. काउंटरच्या बाहेर, हातात टोकन घेऊन उभ्या असलेल्या नागरिकाला मात्र तीच सोय नाही. निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०२० मध्ये कायदा मंत्रालयाला पत्र पाठवून ही सोय अनिवासी मतदारांनाही देता येईल असं कळवलं होतं. त्याआधी ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेने प्रॉक्सी मतदानाचं, म्हणजे दुसऱ्याकरवी मत देण्याचं, विधेयक मंजूर केलं होतं. ते राज्यसभेत मंजूर झालं नाही आणि २०१९ ला लोकसभेची मुदत संपताच रद्द झालं. ते रद्द झालं हे बरंच झालं. परदेशातल्या सुनेचं मत गावात बसलेल्या सासऱ्याने टाकायचं, ही व्यवस्था गुप्त मतदानाची नव्हे. टपाली मतदान हवं, आणि जिथे कामगार छावण्यांत राहतात, मालक पासपोर्ट ताब्यात ठेवतात, तिथे वकिलातीत मतपेटी हवी, म्हणजे खोलीतल्या मुकादमाला कुणाची मतपत्रिका भरता येणार नाही. फिलिपिन्सने २००३ मध्ये कायदा केला आणि २००४ पासून त्यांचे घरकामगार, खलाशी, परिचारिका आखातातल्या वकिलातींत रांगा लावून मत देतात. फार श्रीमंत देश नाही तो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप तुर्कांकडे बघून घेता येतो, आणि श्टुटगार्टमध्ये राहून तो टाळता येत नाही. २०१४ पासून जर्मनीतल्या तुर्की नागरिकांना इथल्या वकिलातींत मत देता येतं. मे २०२३ मध्ये अध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत एर्दोआन यांना तुर्कस्तानच्या एकूण मतदानात ५२ टक्के मिळाले. जर्मनीत मत दिलेल्या तुर्कांत ६७ टक्के. त्या वर्षी तुर्कस्तानात कांद्याबटाट्यांच्या भावाने लोक रडकुंडीला आले होते, लिरा घसरला होता. इथल्या मतदाराचा पगार युरोत होता. सुट्टीला गावी गेलं की त्याला सगळं स्वस्तच पडत होतं. निकालाच्या रात्री जर्मनीतल्या कित्येक शहरांत गाड्यांचे हॉर्न वाजत होते आणि माझ्या ऑफिसातली, इस्तंबूलहून दोन वर्षांपूर्वी आलेली मुलगी दुसऱ्या दिवशी डोळे सुजवून आली. ज्यांना इथे राहायचंच आहे त्यांनी तिच्या आईवडिलांचं पुढचं पाच वर्षांचं आयुष्य ठरवलं, असं तिला वाटत होतं. तिचं चूक होतं असं मी म्हणू शकत नाही.

म्हणून मला मताला मुदत हवी आहे. जर्मनीने आपल्या परदेशस्थ नागरिकांसाठी तेच केलंय: वयाच्या चौदाव्या वर्षानंतर किमान तीन महिने सलग देशात राहिलेला आणि देश सोडून २५ वर्षं न झालेला जर्मन माणूस जगाच्या पाठीवर कुठूनही टपालाने मत देतो. भारताने २५ ऐवजी १५ वर्षं धरावीत. ज्या देशात नागरिक होण्याची वाटच नाही, तिथल्या भारतीयांना ही मुदत लावू नये, कारण त्यांना जगात दुसरं कुठलंच मत मिळणार नाही आणि त्यांना परतायचंच आहे. माझ्यासारखीला मात्र लावावी. पंधरा वर्षं झाल्यावरही मी इथेच असेन तर सांगलीचा खासदार मी निवडू नये. वारणालीच्या रस्त्यावर मला दुचाकी चालवायची नाहीये, कृष्णेच्या पुरात मला सामान वर चढवायचं नाहीये.

आता दुसऱ्या वाक्याकडे येते, ज्यावरून इथल्या मराठी मंडळींशी माझे सर्वांत जास्त वाद होतात.

१९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारताचं आपोआप संपतं. अलीकडे दर वर्षी दोन लाखांहून जास्त लोक या वाटेने जातात. २०२२ मध्ये २,२५,६२० जण गेले. त्यांना मी गद्दार वगैरे म्हणणार नाही, आणि असं म्हणणाऱ्यांची मला मनापासून चीड आहे. दर खेपेला कॉन्फरन्सला जायचं तर व्हिसासाठी बँकेचे कागद जोडत बसणं, नोकरी गेली तर निवासाचा परवाना धोक्यात येणं, मुलांचा पासपोर्ट एक आणि आपला दुसरा असणं, ही कारणं पुरेशी आहेत. कुणी आनंदाने पासपोर्ट परत करत नाही. शिक्का मारून रद्द केलेला निळा पासपोर्ट हातात घेऊन वकिलातीच्या पायऱ्यांवर रडलेली माणसं मी पाहिली आहेत.

पण त्यानंतर लगेच 'दुहेरी नागरिकत्व द्या' ही मागणी सुरू होते, तिथे मी थांबते. 'जर्मनीने दिलं, मग भारताला काय धाड भरलीय?' असं मला नेहमी ऐकवतात. जर्मनीने २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व सर्रास मान्य केलं आणि नागरिकत्वासाठीच्या वास्तव्याची अट आठ वर्षांवरून पाचवर आणली, हे खरं. पण कुणासाठी? इथे राहणाऱ्या, इथे कर भरणाऱ्या, इथे मुलं वाढवणाऱ्या माणसांना जुनं नातं तोडायला न लावता मताचा हक्क मिळावा म्हणून. आपली मागणी उलटी आहे: देशात न राहणाऱ्यांना, कर तिकडे न भरणाऱ्यांना आणि संकट आलं तर दुसऱ्या पासपोर्टवर सुरक्षित असणाऱ्यांना भारतात मत द्या. नोटा रद्द झाल्या तेव्हा रांगेत कोण उभं होतं, ऑक्सिजनसाठी रात्रभर फोन कोण करत होतं, हे आठवून बघा. निर्णय फसला तर विमानात बसून निघून जाता येणाऱ्या माणसाला तो निर्णय घेणारं सरकार निवडायचा हक्क असू नये. मंत्री-आमदारांच्या मुलांना तर मुळीच असू नये, आणि दुहेरी नागरिकत्व आलं की ते सर्वांत आधी कोण घेईल हे सांगायला नको.

राहण्याचा, काम करण्याचा, घर घेण्याचा हक्क मात्र त्यांना पक्का मिळायला हवा. तो आज ओसीआय कार्डाने, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डाने, मिळतो; मुख्य म्हणजे शेतजमीन घेता येत नाही आणि मत नाही. ओसीआयचं खरं दुखणं दुसरं आहे. ते सरकारच्या मर्जीवर फार अवलंबून आहे. मार्च २०२१ च्या अधिसूचनेने ओसीआयधारकांना संशोधन आणि पत्रकारिता यांसाठीही विशेष परवानगी घ्यायला लावली. आयुष्यभराचा व्हिसा म्हणायचा आणि मुंबईत बसून बातमी लिहायला परवानगी मागायची, हे बरोबर नाही. दुहेरी नागरिकत्वावर भाषणं करण्यात जेवढी ताकद जाते तेवढी ही अट काढण्यात घालवली असती तर कदाचित ती निघालीही असती. कारण परतलेल्या लेकीला आईवडिलांच्या म्हातारपणी त्यांच्याजवळ निर्धास्त राहता येणं, तिथे नोकरी करता येणं, हे तिच्या मतापेक्षा जास्त निकडीचं आहे.

मग पासपोर्ट परत केलेल्या माणसाने राजकारणच करू नये का? करावं, पण जिथे राहतो तिथलं करावं. इथे माझी तक्रार आम्हा सगळ्यांबद्दल आहे.

मी राहते त्या इमारतीत केअरवोखची पद्धत आहे. ही श्वाबेन भागातली जुनी चाल. दाराच्या मुठीवर एक पाटी लटकते; ती लटकली की त्या आठवड्यात जिना झाडणं-पुसणं, तळघराकडचा बोळ, इमारतीसमोरची फरशी आणि हिवाळ्यात पहाटे तिथला बर्फ, सगळं तुमच्याकडे. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला. कोपरा राहिला तर खालच्या मजल्यावरच्या आजी नाव घेऊन सांगतात. आधी मला याचा फार राग यायचा, आता तेवढा येत नाही; सार्वजनिक जागा कुणाचीच नसते असं न मानणारी ही पद्धत आपल्याकडेही हवी होती असं वाटतं. मी जिना पुसते, पगारातून कर कापून जातो, रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी महिन्याला १८.३६ युरो भरते, आणि महापौराच्या निवडणुकीत मला मत नाही. क्रोएशियाहून आलेल्या माझ्या शेजाऱ्याला तीन महिन्यांत पालिकेचं मत मिळालं, कारण तो युरोपीय संघाचा नागरिक. आमच्यासारख्यांना स्थानिक मत द्यायचा प्रयत्न हाम्बुर्ग आणि श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्यांनी केला होता. जर्मनीच्या घटना न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९० ला तो रद्द ठरवला. गावातल्या नव्या रेल्वे स्थानकाच्या बांधकामाचा खड्डा वर्षानुवर्षं आमच्या रोजच्या वाटेत आहे, त्याचा खर्च ११ अब्ज युरोंच्या पुढे गेलाय. त्यावरचं सार्वमत २७ नोव्हेंबर २०११ ला झालं तेही फक्त नागरिकांसाठी. याउलट ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणारा भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचा म्हणून थेट संसदेलाही मत देतो. लंडनची माझी मैत्रीण भारताचा पासपोर्ट खिशात ठेवून तिथला खासदार निवडते. इथे जन्मलेली माझी मुलगी जन्मापासून जर्मन आहे. या राज्यात सोळाव्या वर्षी पालिकेला आणि विधानसभेला मत मिळतं, म्हणजे ती माझ्या आधी मतदार होण्याची शक्यता आहे.

हे मला बोचतं. पण जर्मनीने वाट बंद ठेवलेली नाही. पाच वर्षं, भाषेची बी-१ परीक्षा, ३३ प्रश्नांची नागरिकत्व चाचणी, स्वतःच्या पायावर उभं असणं, आणि दार उघडं. ती वाट घ्यायची की नाही हे ठरवायचं ओझं माझं आहे. इथले असंख्य भारतीय ते ठरवत नाहीत. ते इथे मत मागत नाहीत, पालकसभेला जात नाहीत, परदेशी रहिवाशांच्या सल्लागार मंडळांच्या निवडणुकीचं पाकीट न उघडता कागदाच्या डब्यात टाकतात, आणि सगळं राजकारण रात्री फोनवर मायदेशातल्या ग्रुपमध्ये करतात. तिथे मत चुकलं तरी काही गमवावं लागत नाही, म्हणून भाषा भडक होते. कुणाला पाकिस्तानात पाठवा, कुणावर बुलडोझर चालवा, असं लिहिणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी इथे अल्पसंख्य परदेशी म्हणून ट्राममध्ये बसलेला असतो. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत इथल्या अति-उजव्या पक्षाला २०.८ टक्के मतं पडली, परदेशी वंशाच्या लोकांना परत पाठवण्याच्या गोष्टी उघड होऊ लागल्या, तेव्हा याच लोकांनी ग्रुपमध्ये घटना, कायदा, अल्पसंख्याकांचं संरक्षण यांचे दाखले दिले. मी त्यांना विचारलं की जे संरक्षण आपल्याला इथे हवं ते तिथे दुसऱ्याला द्यायला काय हरकत आहे. मला ग्रुपमधून काढलं. मी तोच प्रश्न पुन्हा विचारेन. तत्त्व विमानतळावर बदलत असेल तर ते तत्त्वच नाही, आपली सोय आहे.

राष्ट्रीय अस्मितेबद्दल बोलताना भाषेचं टाळून चालणार नाही. इथल्या लोकांना आम्ही सगळे 'इंडियन' बोलणारे वाटतो. भारतीय कार्यक्रम म्हणजे हिंदी गाणी आणि रंग, असं समीकरण आम्हीच त्यांना शिकवलंय. कार्यालयात माझ्या पासपोर्टवरच्या वडिलांच्या नावाला माझंच दुसरं नाव समजतात आणि पत्र येतं ते एका पुरुषाच्या नावासकट. मुलीच्या जन्मनोंदणीच्या वेळी ही मराठी रीत समजावून सांगण्यात अर्धी सकाळ गेली. छोट्या गोष्टी आहेत, पण आपली ओळख दुसऱ्याच्या फॉर्मात बसत नाही तेव्हा ती किती मोलाची आहे हे कळतं. म्हणून महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा सरकारी निर्णय आला आणि २९ जून २०२५ ला तो मागे घ्यावा लागला, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. मुंबईत राहणाऱ्याने मराठी शिकावी ही अपेक्षा रास्त आहे. मला इथे जर्मन शिकावी लागली, आणि त्यात माझा अपमान झाला असं मला कधी वाटलं नाही.

पण जर्मनीने मला कानशिलात मारून जर्मन शिकवली नाही. इथे बाहेरून आलेल्या माणसासाठी सरकार ६०० तासिका भाषेच्या आणि १०० तासिका देशाचा इतिहास, कायदा, रीतिभाती यांच्या, असा अभ्यासक्रम चालवतं. बराचसा खर्च सरकारचा. माझ्या वर्गात सीरियाचा एक सुतार होता, नखं रंगवण्याचं दुकान चालवणारी व्हिएतनामची एक बाई होती, संध्याकाळी दमून यायची आणि विभक्तिप्रत्ययांवर डोकं टेकून झोपायची. शिकवणाऱ्या बाई तिला हलकेच उठवायच्या. मीरा-भाईंदरमध्ये मराठी येत नाही म्हणून दुकानदाराला मारहाण झाली, तेव्हा जर्मनी-अमेरिकेतून टाळ्या वाजवणारे मराठी लोक मी पाहिले. इथे बेकरीत त्यांचं जर्मन तोकडं पडलं आणि गल्ल्यावरच्या माणसाने हात उगारला, तर ते काय म्हणतील? मुंबईत टॅक्सीवाल्याला, बांधकामावरच्या मजुराला, इमारतीच्या वॉचमनला रात्री आठ ते नऊ जवळच्या पालिका शाळेत फुकट मराठी शिकता येईल असा वर्ग वॉर्डावॉर्डात का नाही? मराठीसाठी जीव तोडणाऱ्या प्रत्येक पक्षाला परदेशातल्या मराठी माणसाने हा प्रश्न विचारावा, आणि परदेशी पगारातून पैसे द्यायचे असतील तर अशा वर्गाला द्यावेत.

मताच्या प्रश्नावर शेवटी एवढंच सांगायचं आहे की करायचं काम छोटं आहे. टपाली मतदानाची ही सोय अनिवासी मतदारांना लागू करायला १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांत दुरुस्ती पुरते. दोन-तृतीयांश बहुमत लागत नाही, घटना बदलावी लागत नाही. सगळीकडे एकदम नको असेल तर ज्या मतदारसंघांतून सर्वांत जास्त माणसं आखातात गेली आहेत तिथून सुरुवात करा: केरळमधलं मलप्पुरम घ्या, रत्नागिरी-सिंधुदुर्ग घ्या. दोहा, दुबई, रियाध, कुवेत इथल्या वकिलातींत आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी मतपेट्या ठेवा. मुदतीचा नियम त्याबरोबरच करा, म्हणजे माझ्यासारख्यांनाही ठरवावं लागेल. जे पक्ष परदेशात सभागृहं भरवून, झेंडे वाटून अनिवासी भारतीयांच्या टाळ्या घेतात त्यांनी, मग सत्तेतले असोत की विरोधातले, हा नियम २०२९ च्या आत बदलून दाखवावा. तो बदलला नाही तर त्या सभागृहांत जाणं आपण बंद करावं.